हॅलोजन काढून डिम होणारे एलईडी लावताय? आधी भिंतीवरचा डिमर बघा

आमच्या हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये २००९ पासून आठ हॅलोजन होते, प्रत्येकी ५० वॅटचे, आणि दाराजवळच्या बोर्डावर एक गोल डिमर. मॅच बघताना कमी करायचा, पाहुणे आले की फुल्ल करायचा, एवढंच काम, पण त्याची सवय लागते. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी म्हटलं आता हे सगळं एलईडी करून टाकू, एक रविवार, एक शिडी, आठ बल्ब, त्यात काय आहे. पहिला बदलला, डिमर फिरवला, मस्त. दुसरा मस्त. असं करत सातवा लावला तरी सगळं लोण्यासारखं चालू. आठवा लावला आणि आठच्या आठ दिवे थरथरायला लागले. आई आतून ओरडली, "अरे, ऑर्केस्ट्रा बोलावलायस का गणपतीला?"

बल्ब खराब नव्हते. झालं होतं असं की माझ्या डिमरवर बारीक अक्षरात '६० ते ४०० वॅट' लिहिलेलं होतं, म्हणजे त्याला नीट चालायला कमीत कमी ६० वॅटचा लोड लागतो. सात एलईडी ६ वॅटचे म्हणजे ४२ आणि उरलेला एक हॅलोजन ५०, बेरीज ९२, त्यामुळे डिमर खूश. तो शेवटचा हॅलोजन निघाला आणि बेरीज आली ४८ वर. म्हणजे सात बल्ब लागेपर्यंत मला जे 'चालतंय' वाटत होतं ते त्या एका हॅलोजनच्या जिवावर. म्हणून सुरुवात शिडीपासून नाही, बोर्डापासून करायची.

आधी ओळखा, तुमच्याकडे काय आहे

एक हॅलोजन बाहेर काढून त्याचे पाय बघा. हे आणि पुढचं सगळं लाईट बंद करून आणि बल्ब गार झाल्यावर, हॅलोजन बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतो. दोन जाड पाय, टोकाला बटणासारखे गोल, आणि बल्ब दाबून डावीकडे फिरवला की निघतो, तर तो जीयू१०, थेट २३० व्होल्टवर चालणारा. दोन बारीक काड्यांसारखे पाय आणि बल्ब सरळ ओढला की निघतो, तर तो १२ व्होल्टचा एमआर१६, आणि त्याच्या मागे पीओपीच्या वर कुठेतरी एक छोटी डबी पडलेली असते. वायरमन तिला चोक म्हणतात, खरं तर तो इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडच्या जुन्या फॉल्स सीलिंगमध्ये हाच प्रकार जास्त दिसतो, आमच्या पॅसेजमध्येही हाच होता.

जीयू१० असेल तर तुमचं नशीब चांगलं, बल्ब बदलायचा आणि डिमरचं बघायचं. १२ व्होल्टवाल्यांना थोडं जास्त काम आहे, कारण त्या चोकलाही डिमरसारखीच कमीत कमी लोडची अट असते, त्याच्यावर २० ते ६० वॅट वगैरे छापलेलं असतं, आणि ५-६ वॅटचा एलईडी त्याच्या खिजगणतीतही नसतो. मग तो चालू-बंद चालू-बंद करत बसतो. काही एलईडी काही चोकवर चालतात, पण कुठला कुठल्यावर हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि वर डिमरही असेल तर तिघांचं एकमेकांशी जमायला हवं, म्हणजे अवघडच. माझं स्पष्ट मत, चोक काढूनच टाका. वायरमनकडून चोक आणि जुना होल्डर दोन्ही काढून घ्या, २३० व्होल्टचा जीयू१० होल्डर लावा आणि जीयू१० चे डिम होणारे बल्ब घ्या. होल्डर तोच ठेवून नुसता चोक बायपास अजिबात करू नका, उद्या कोणीतरी त्याच होल्डरमध्ये १२ व्होल्टचा बल्ब खुपसेल आणि तो तोंडावर फुटेल.

दुसरा रस्ता म्हणजे अख्खी फिटिंगच बदलून कॉब लाईट (एकाच चिपचे तयार एलईडी दिवे) बसवायचे, त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज देणारी डबी, वेगळा येतो. हे करणार असाल तर सीलिंगमधल्या भोकाचा व्यास पट्टीने मोजून दुकानात जा, अंदाजाने आणलेली फिटिंग भोकातून खाली पडते नाहीतर पीओपी कापावं लागतं आणि त्याचा पांढरा धुरळा आठवडाभर घरात निघतो. ड्रायव्हरवर 'डिमेबल' लिहिलंय का तेही बघा, नुसत्या लाईटच्या खोक्यावर असून चालत नाही.

बल्ब घेताना

खोक्यावर डिमेबल हा शब्द पाहिजेच. साधा एलईडी डिमरवर लावला तर फडफडतो, गुणगुणतो आणि लवकर मरतो. २०१५ पासून उजाला योजनेत घराघरात गेलेले ९ वॅटचे बल्ब छान होते, पण ते डिमरसाठी नव्हेत.

५० वॅटच्या हॅलोजनला ५ ते ७ वॅटचा एलईडी पुरतो, पण वॅटपेक्षा ल्युमेन, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाश किती ते बघा, साधारण ४५०-५०० च्या आसपास. रंगात आपल्याकडे घोळ होतो. तो केल्विनमध्ये लिहिलेला असतो, आकडा कमी तितका पिवळा. दुकानदार विचारल्याशिवाय ६५०० केल्विनचा कूल डेलाईट हातात ठेवतो, तो हॉलमध्ये लावला की घर दवाखान्यासारखं दिसतं. हॅलोजनची सवय असेल तर २७०० किंवा ३००० केल्विन मागा. एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे नंतर हिरमोड नको, हॅलोजन डिम केला की पिवळा, मग लालसर होत जायचा, समईसारखा. साधा डिमेबल एलईडी फक्त कमी होतो, रंग तोच राहतो. तो लालसरपणा हवाच असेल तर 'डिम टू वॉर्म' नावाचे बल्ब मिळतात, महाग असतात. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वर असेल तर साड्यांचे आणि भाज्यांचे रंग खरे दिसतात, ८० चालतो पण फरक कळतो.

बीम अँगल म्हणजे झोत किती पसरणार. भिंतीवरच्या फोटोवर मारायचा असेल तर २४ किंवा ३६ अंश, पूर्ण खोलीसाठी ६०. बल्बची लांबीही बघा, काही एलईडी हॅलोजनपेक्षा लांब असतात आणि फिटिंगच्या बाहेर नाक काढून बसतात. पुढे काच असलेल्या बंद फिटिंगमध्ये एलईडी लावू नका, त्याला उष्णताच मारते. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर असलेलेच घ्या. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लोहार चाळ, दोन्हीकडे ढीगभर व्हरायटी आहे, पण सुरुवातीला दोनच बल्ब घ्या आणि बदलून देणार का ते विचारून घ्या.

चाचणी, ही पायरी चुकवू नका

डिमरवरचे सगळे हॅलोजन काढा. सगळे म्हणजे सगळे. आता फक्त ते दोन एलईडी लावा आणि डिमर अगदी खालपासून वरपर्यंत सावकाश फिरवा. थरथरतात का, मध्येच एकदम उडी मारतात का, खाली आणल्यावर विझून परत लागतच नाहीत असं होतं का, कान लावून बघा गुणगुणतात का. दोनच बल्बवर नीट चाललं तर आठवर बहुतेक चालेलच, लोड वाढणारच आहे. नाही चाललं तर बल्बला शिव्या घालू नका, डिमर बदला.

एलईडीसाठीचा डिमर मागताना 'ट्रेलिंग एज' म्हणा. जुने डिमर लीडिंग एज असतात, हॅलोजन आणि पिवळ्या बल्बसाठी बनवलेले. नव्याच्या खोक्यावर एलईडीसाठी वेगळा वॅटचा आकडा असतो, तोच धरायचा. बऱ्याच डिमरना बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने सगळ्यात कमी प्रकाश किती ते ठरवता येतं, खाली आणल्यावर दिवे विझत असतील तर तो थोडा वर घ्यायचा. काही डिमरना बोर्डात न्यूट्रल लागतो, तो जुन्या बोर्डात आहे का हे वायरमनला आधी विचारा. आणि कृपा करून पंख्याचा रेग्युलेटर डिमर म्हणून लावू नका, असं करणारे लोक आहेत.

माझ्या वायरमनने सुचवलेला जुगाडही सांगतो, एक हॅलोजन तसाच ठेवायचा. चालतं. मी दोन महिने तेच केलं, गणपती त्यातच पार पडले, पण सात दिवे एका रंगाचे आणि कोपऱ्यातला एक लालबुंद होत जाणारा, शेवटी वैतागून डिमर बदललाच.

प्रत्यक्ष बदलताना

मेन पाडा. आणि इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, हे कोणी सांगत नाही. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली आणि तो इमानेइतबारे हॉलच्या दिव्यांना सप्लाय चालू करतो. टेस्टरने होल्डर तपासा, त्याआधी तोच टेस्टर दुसऱ्या चालू सॉकेटमध्ये पेटतोय ना हे बघितलेलं असू द्या.

फिटिंग खाली ओढताना दोन्ही बाजूच्या स्प्रिंग बोटांनी धरून ठेवा, सुटल्या की उंदराच्या सापळ्यासारख्या नखावर बसतात. मग होल्डरच्या वायरी नीट बघा. आमच्याकडे पंधरा वर्षांच्या उष्णतेने त्यांचं प्लास्टिक पापडासारखं झालं होतं, हलकंसं वाकवलं तर तुकडा हातात आला. असं दिसलं की बल्ब लावायचं थांबा आणि वायरमनला बोलवा, होल्डर आणि वायरीचा तेवढा भाग बदलून घ्या. वायरी ठीक असतील तर बल्ब होल्डरमध्ये दाबून उजवीकडे फिरवला की काम झालं. फिटिंगमध्ये खोल बसलेला जुना बल्ब बोटांना सापडत नसेल तर चिकटपट्टीचा फास करून त्याच्या काचेवर चिकटवा आणि फिरवा.

सगळं झाल्यावर बटण बंद करूनही एलईडी काजव्यासारखे मिणमिणत असतील तर घाबरू नका. बटणात तो छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून जाणारा थोडासा करंटही एलईडीला पुरतो, इंडिकेटर काढला की थांबतं. तरी मिणमिणले तर बटणावर फेजऐवजी न्यूट्रल आलाय का ते वायरमनकडून तपासून घ्या, तसं असेल तर दुरुस्त करायलाच हवं. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरच दिवे थरथरत असतील आणि तो स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे साधा, घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट न देणारा असेल, तर डिमर त्याच्यावर नीट चालत नाही, तेवढा वेळ फुल्लवर ठेवा.

हिशोब म्हणाल तर आठ हॅलोजन म्हणजे ४०० वॅट, रोज पाच तास फुल्ल लावले तर महिन्याला ६० युनिट. एलईडीचे ४८ वॅट, सव्वासात युनिट. महावितरणचे स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, त्यामुळे तुम्ही ३०० च्या काठावर असाल तर हे ५०-५२ युनिट नुसत्या आकड्यापेक्षा जास्त वाचवतात. शिवाय एसीला आठ छोट्या शेगड्यांशी भांडावं लागत नाही.

आठ बल्ब लागत असतील तर दहा घ्या. वर्ष-दोन वर्षांनी एक गेला की तेच मॉडेल दुकानात नसतं, आणि दुसऱ्या कंपनीचा एक त्याच डिमरवर एकटाच फडफडत बसतो.