चीनमध्ये साध्या गाडीने लांबचा प्रवास कसा करावा

बीजिंग ते ग्वांगझोऊ हे सुमारे २,३०० किलोमीटरचे अंतर वेगवान गाडी साधारण साडेसात ते दहा तासांत कापते, तर साध्या गाडीला वीस तासांहून अधिक वेळ लागतो. तरीही तिकीट बरेच स्वस्त असल्याने साध्या गाड्या आजही तुडुंब भरून धावतात. गाडीच्या क्रमांकापुढे ‘जी’ किंवा ‘डी’ असेल तर ती वेगवान समजावी; ‘झेड’, ‘टी’ आणि ‘के’ या साध्या गाड्या असून या तिघींत ‘के’ सर्वांत संथ असते.

साध्या गाडीत खरा निर्णय वर्गाचा असतो. ‘यिंगझुओ’ म्हणजे बैठा वर्ग; त्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी जवळजवळ काटकोनी पाठीची आसने असतात आणि दिवे रात्रभर जळत राहतात. दिवसाच्या पाच-सहा तासांसाठी तो ठीक आहे, पण रात्र काढायची असल्यास पैसे वाचवण्याचा मोह टाळून ‘यिंगवो’ हा शयनवर्गच घ्यावा. तो आपल्या स्लीपरसारखा तीन मजली आणि बिनदाराचा असतो, मात्र साइड बर्थच्या जागी खिडकीशी घडीची छोटी आसने असतात आणि मधला बर्थ दिवसाही उघडाच राहतो. खालचा बर्थ सर्वांत महाग, पण दिवसभर तो शेजाऱ्यांची बैठक होतो. वरचा सर्वांत स्वस्त असतो, तिथे ताठ बसता येत नाही, पण कोणी उठवायलाही येत नाही. एकट्या प्रवाशाने माझ्या मते वरचाच घ्यावा.

तिकीट ‘१२३०६’ या रेल्वेच्या अधिकृत अ‍ॅपवर साधारण १५ दिवस आधी खुले होते. ते पासपोर्टच्या क्रमांकावर निघते आणि स्थानकाच्या फाटकावर तोच पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून नाव व क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावा. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आधीचे १५ आणि नंतरचे २५ असे ४० दिवस, ज्यांना ‘चुनयुन’ म्हणतात, आणि १ ऑक्टोबरनंतरचा आठवडा शक्यतो टाळावा. त्या काळात मुंगीलाही शिरायला वाव नसतो.

आसने संपली की ‘वूझुओ’, म्हणजे बिनजागेचे तिकीट मिळते, आणि गंमत म्हणजे त्याचे भाडे बैठ्या वर्गाइतकेच असते. ते घ्यावेच लागले तर घडीचे छोटे स्टूल सोबत ठेवावे. रिकाम्या आसनावर त्याचा धनी येईपर्यंत बसता येते, म्हणून चढताच बसलेल्यांना “नी दाओ नार?”, म्हणजे “तुम्ही कुठपर्यंत?”, असे विचारून लवकर उतरणाऱ्याच्या जवळ उभे राहावे. त्याच वेळी गाडीच्या प्रमुखाच्या टेबलाशी जाऊन “बू वोपू”, म्हणजे “शयनवर्गाचे तिकीट करून द्या”, असे म्हणावे. शयनवर्गात जागा उरली असेल तर फरक भरून ती मिळते, पण तिथेही रांग लागते, त्यामुळे सामान लावत बसू नये.

स्थानकाचे नाव नीट वाचावे, कारण एकाच शहरात ‘बेई’, ‘नान’, ‘दोंग’ आणि ‘शी’, म्हणजे उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम, अशी वेगवेगळी स्थानके असतात. प्रवेशाशी सामानाची तपासणी होते. चाकू काढून घेतला जातो, आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधीच फाटक बंद होते. धावत येऊन डबा पकडण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

प्रत्येक डब्याच्या टोकाशी उकळत्या पाण्याचा नळ असतो, आणि जेवणाच्या वेळी नूडल्सचे कागदी वाडगे घेतलेले लोक तिथे ओळीने उभे असतात. त्या नूडल्समध्ये बहुधा मांसाचा रस्सा असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाने घरचे थालीपीठ आणि गरम पाण्यात भिजणारे तयार पोह्यांचे पाकीट सोबत ठेवावे. झाकणाचा मग, शौचालयासाठी कागद आणि कानात घालायचे बोळे यांनाही पिशवीत जागा द्यावी. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि बिअर विकणारी ढकलगाडी “पाय आत घ्या” असे ओरडत दर थोड्या वेळाने येते, म्हणून वाटेत बसलेल्याने पाठीमागची पिशवी पोटाशी धरावी.