अभ्यास मंडळापुढे जाण्याआधी

नवा कोर्स मांडायचा ठरला की प्राध्यापकाचा पहिला हात सिलॅबसकडे जातो. तो आवरा. आधी तारखा काढा. स्वायत्त, म्हणजे स्वतःचा सिलॅबस स्वतः ठरवणाऱ्या महाविद्यालयात नवा पेपर अभ्यास मंडळातून (एका विषयाचा सिलॅबस ठरवणारी समिती) विद्या परिषदेत (सगळ्या विषयांवरची शैक्षणिक समिती) जातो, आणि दोन्ही ठिकाणी बाहेरच्या सदस्यांना कागद आठ-दहा दिवस आधी मिळायला हवेत. नियमाने अभ्यास मंडळाची बैठक वर्षातून किमान एकदा व्हायला हवी आणि बऱ्याच विभागांत ती तेवढीच होते. ती हुकली की कोर्स वर्षभर फाइलीत. म्हणून जूनमध्ये शिकवायचं असेल तर हिशोब जूनपासून मागे करत या. दिवाळीनंतर लगेच लिहायला बसावं लागेल, असंच उत्तर निघेल.

मग आपण नेमकं काय मांडतोय ते एका ओळीत लिहून काढा. चालू पदवीतला एखादा पेपर, प्रमाणपत्र कोर्स की आख्खी नवी पदवी? नवी पदवी असेल तर विद्या परिषदेवर भागत नाही, नियामक मंडळाची, म्हणजे महाविद्यालयाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची, मान्यता लागते आणि विद्यापीठाशी पत्रव्यवहार येतो. महाविद्यालय स्वायत्त नसेल तर रस्ताच वेगळा. तिथे विद्यापीठाचा बृहत् आराखडा (कुठे काय सुरू करायचं याचं नियोजन) आणि शासनाची परवानगी आली, त्याची तयारी या यादीत बसणार नाही.

पदवीचं नाव स्वतःच्या मनाने ठेवू नका. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2014 साली पदव्यांच्या नावांची यादी अधिसूचित केली आहे, ती उघडून पाहा. नावाला किती वजन असतं ते 2024 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. बीबीए, बीएमएस, बीसीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) कक्षेत गेले, राज्यात त्यांना सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, लागली, आणि बऱ्याच महाविद्यालयांनी तोच माल बीकॉमच्या नावाखाली नव्याने मांडला. ते योग्य की अयोग्य, हा वाद चहाच्या वेळी घालू.

क्रेडिटची (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) बेरीज दोनदा करा, दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसाकडून. राज्याच्या 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयातल्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 आणि चार वर्षांच्या पदवीला 160 ते 176 क्रेडिट बसतात. मेजर, मायनर, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग अशा उभ्या रकान्यांपैकी आपला पेपर कुठल्या रकान्यात जातो ते पहिल्याच पानावर दिसलं पाहिजे. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास धरतात. दोन क्रेडिटच्या पेपरात चार घटकांसमोरच्या तासिका मिळवल्या तर 34 होतात, असे मसुदे मी डझनाने पाहिलेत.

माझ्या अनुभवात प्रस्ताव विद्वत्तेवर क्वचितच परत येतात. ते येतात अशा साध्या गणितावर, आणि त्यातही कार्यभाराच्या, म्हणजे शिक्षकांच्या तासांच्या. समजा, रसायनशास्त्र विभागाला माती परीक्षणाचा दोन क्रेडिटचा कौशल्य कोर्स द्यायचाय. कल्पना झकास, तालुक्याच्या गावी मागणीही आहे. पण प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे दोन क्रेडिटचे 60. पंधरा आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला चार. वर्गात साठ मुलं, वीस-वीसच्या तीन तुकड्या, झाले आठवड्याला बारा तास. सहायक प्राध्यापकाच्या प्रत्यक्ष अध्यापनाचे आठवड्याला 16 तास धरले आहेत. कागदावर नुसतं ‘दोन क्रेडिट’ दिसतं, खर्ची पडतो पाऊण माणूस. तो कुठून येणार? तासिका तत्त्वावर घेणार असाल तर मानधन कुठल्या खात्यातून? याचं उत्तर प्राचार्यांच्या सहीसह प्रस्तावाला जोडा.

तसंच प्रयोगशाळेत एकदा उभं राहून बघा. पोटॅश मोजायला फ्लेम फोटोमीटर एकच असेल तर एकोणीस मुलं रांगेत आणि एक कामात. आणि मातीचे नमुने पीक निघाल्यावर, खत पडायच्या आधी घ्यायचे असतात. कोर्स जुलैच्या सत्रात टाकलात तर रानात सोयाबीन उभं असणार. तो सम, म्हणजे दिवाळीनंतरच्या सत्रात टाका. अशी गोष्ट कुठल्याच नमुना अर्जात विचारलेली नसते, पण मंडळावरचा एखादा शेतकऱ्याचा मुलगा नेमकी तीच विचारतो.

अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कोर्स संपल्यावर मुलांना काय येईल ते, लिहिताना ‘समजेल’, ‘माहिती होईल’ हे शब्द खोडा. ‘नमुन्याचा सामू मोजून चुन्याची गरज काढता येईल’ असं लिहिलं की त्यातून परीक्षेचा प्रश्नही निघतो. चार-पाच निष्पत्ती पुरे.

संदर्भग्रंथांची यादी ग्रंथपालांना दाखवून आणा. आमच्याकडे एका बैठकीत कुलगुरूनियुक्त सदस्यांनी मसुदा हातात घेतला, सरळ शेवटचं पान उघडलं, तिसऱ्या पुस्तकावर बोट ठेवलं आणि विचारलं, “सर, हे तुमच्या ग्रंथालयात आहे का?” सर माझ्याकडे बघू लागले, मी खिडकीबाहेर. यादी मी जुन्या सिलॅबसमधून जशीच्या तशी उचलली होती.

मंडळाची रचना तपासा. बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, कुलगुरूनियुक्त एक, उद्योगक्षेत्रातला एक आणि एक माजी विद्यार्थी. कुणाची मुदत संपली तर नाही ना, ते नेमणुकीच्या पत्रावरून बघा, आठवणीवरून नको. उद्योगक्षेत्रातल्या सदस्याला आधी फोन करून मसुद्यावर बोलून घ्या. बैठकीत ते बहुधा भिडेखातर गप्प बसतात आणि खरी सूचना जिना उतरताना करतात, जी इतिवृत्तात कधीच येत नाही.

मंजुरी मिळाली की त्याच आठवड्यात इतिवृत्तावर सह्या घ्या. सुचवलेले बदल मसुद्यात उतरवा, मग परीक्षा विभागाकडून पेपरचा कोड घ्या. कोड नसेल तर डिसेंबरात मुलांचे गुण कुठे भरायचे, या प्रश्नावर सगळं अडतं. शेवटी ठरावाची प्रत, हजेरीपत्रक आणि अंतिम सिलॅबस एकाच फाइलीत लावा आणि दुसरा संच आयक्यूएसीकडे, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता हमी कक्षाकडे, द्या. नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) समिती येते तेव्हा विभागाच्या कपाटाची किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या माणसाकडे असते.