डिस्क पाऊण रिकामी, तरी म्हणते जागा नाही

गळीत सुरू झालं की आमच्या निपाणी-चिकोडी भागात वजनकाट्याच्या पावत्यांचा ढीग लागतो, आणि आमच्या एका दोस्तानं काय केलं, तर दर पावतीची वेगळी टेक्स्ट फाईल, ७०० बाइटची, सगळ्या एकाच फोल्डरात. एका रात्री फोन, "डिस्क रिकामी दाखवूलाय आणि सेव्ह करताना जागा नाही म्हणूलाय मर्दा!"

अशा वेळी रिकामी जागा दाखवणारी 'डीएफ -एच' कमांड बघून उपयोग नाही, किती आयनोड उरलेत ते दाखवणारी 'डीएफ -आय' मारा. लिनक्सवर दर फाईलला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद लागते, आणि ईएक्सटी४ (डिस्कवर फायली मांडायची एक पद्धत, फाईल सिस्टीम) मध्ये आयनोड किती ते फॉरमॅट करतानाच ठरतं, साधारण दर १६ केबीला एक. म्हणजे १०० जीबीला अंदाजे ६५ लाख, ते संपले की खेळ खल्लास. वर ७०० बाइटची फाईल पण ४ केबीचा पूर्ण ब्लॉक अडवते, कुंद्याचा एकेक घास वेगळ्या पाव किलोच्या डब्यात भरल्यासारखं. म्हणून ६५ लाख फायली २५ जीबी खातात, खरा माल साडेचार जीबी पण नाही.

माझं मत विचाराल तर एवढ्या फायली करूच नका, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये टाका. एकच फाईल, पावती नंबरवर इंडेक्स, हवी ती लगेच सापडते. फक्त एकेक पावती वेगळी कमिट (डिस्कवर पक्की) करत बसू नका, हजारभर एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका दमात घाला नाहीतर रात्र जाईल. जुन्या, परत न बदलणाऱ्या पावत्या महिन्यावारी झिप करा. टार-जीझिप नको, त्यात मधली एक काढायला सुरवातीपासून सगळं उलगडावं लागतं.

सॉफ्टवेअरला सुट्या फायलीच पाहिजेत असतील तर एक्सएफएस ही दुसरी फाईल सिस्टीम घ्या, तिथं आयनोड लागतील तसे तयार होतात. ईएक्सटी४च ठेवायची तर फॉरमॅट करताना '-आय ४०९६' (लहान लिपीतला i) द्या, म्हणजे दर ४ केबीला एक आयनोड मिळतो (आधी बॅकअप घ्या, फॉरमॅटनं सगळं पुसतं हे सांगायला नको). आणि फायली नावाच्या हॅशवरून (नावातून गणितानं काढलेल्या आकड्यावरून) २५६ × २५६ फोल्डरात वाटा.

जुना ढीग काढताना पुसायच्या 'आरएम' ला स्टार लावलात तर यादी फार लांब म्हणून एरर येतो, नुसतं यादी दाखवणारं 'एलएस' पण सॉर्ट करत बसतं. 'फाइंड' ला '-डिलीट' लावा आणि चहा घेऊन या. सगळं गेलं तरी ईएक्सटी४ वर ते फोल्डर आतून फुगलेलंच राहतं, त्यामुळं तेही उडवून नवीन करा.