तीन लहान मुलांचे घर : काय एकत्र करावे, काय वेगळे ठेवावे

आमच्या घरी सात वर्षांची थोरली, चार वर्षांचा मधला आणि दीड वर्षाची धाकटी अशी तीन मुले आहेत. डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मुलांचे बाबा सकाळी पावणेआठची लोकल पकडतात आणि थोरलीचे रिक्षावाले काका सव्वासातला खाली येऊन हॉर्न वाजवतात. धाकटी झाल्यानंतरचे पहिले वर्ष मी सतत थकलेली असे, आणि कामे वाढली म्हणून थकवा वाढला, असे मी धरून चालले होते. एका रविवारी सहज मोजले, तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत मी पाच वेळा दूध गरम केले होते आणि तीन वेळा न्हाणीघर धुतले होते. एकच काम तीन मुलांसाठी तीन निरनिराळ्या वेळी केले जात होते. याच्या उलट, औषधे, खेळणी आणि मुलांचे रागलोभ यांची मात्र सरमिसळ झाली होती. तेव्हापासून कोणतेही काम हाती घेताना ते एकत्र करायचे की वेगळे, हे मी आधी ठरवते. पुढे लिहिलेले बहुतेक सगळे या एका प्रश्नातून निघालेले आहे.

एकत्र करायची कामे

सकाळची घाई आदल्या रात्रीच संपवावी. तिघांचे दुसऱ्या दिवशीचे कपडे, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत, एकेका कापडी पिशवीत भरून दाराच्या खुंटीला टांगावेत. आमच्याकडे थोरलीची पिशवी लाल, मधल्याची निळी आणि धाकटीची पिवळी आहे. हेच रंग पाण्याच्या बाटल्यांना, टॉवेलांना आणि दात घासण्याच्या ब्रशांनाही दिले आहेत, त्यामुळे वाचता न येणारे मूलही आपली वस्तू ओळखते आणि दुसऱ्याचा ब्रश तोंडात घालत नाही. पाणी भरणे, डबे घासून पालथे घालणे आणि दप्तर दाराशी ठेवणे ही कामे थोरलीकडे द्यावीत. सात वर्षांच्या मुलाला ती जमतात. मात्र ती नीट झाली नाहीत म्हणून तिच्यासमोर पुन्हा करू नयेत.

आंघोळी एका दमात उरकाव्यात. बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग त्यात गरम मिसळावे. आपल्याकडे कढत पाणी काढून नंतर विसण घालण्याची सवय आहे. एकच मूल असताना ती खपून जाते. तीन मुले न्हाणीघरात असताना विसण आणायला आपली पाठ वळते, तेवढ्यात धाकट्याचा हात बादलीत गेलेला असतो. आंघोळ झाल्यावर बादल्या रिकाम्या करून पालथ्या घालाव्यात. नुकते चालू लागलेले मूल वीतभर पाण्यातही डोक्यावर पडून बुडू शकते आणि त्याचा आवाज होत नाही. पाणी ठरावीक वेळीच येते म्हणून पिंप भरून ठेवावे लागत असेल, तर त्याला घट्ट झाकण असावे आणि न्हाणीघराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी असावी.

नखे रविवारी, सगळ्यांची एकाच बैठकीत कापावीत. उवांचेही तसेच. शाळेतून थोरलीच्या डोक्यात उवा आल्या की केवळ तिच्या डोक्याला औषध लावून भागत नाही. त्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाचे, आजीचे आणि आपलेसुद्धा, डोके ओल्या केसांतून बारीक फणी फिरवून तपासावे, आणि ज्यांच्या डोक्यात उवा सापडतील त्या सर्वांवर एकाच दिवशी उपचार करावेत. लिखा फुटायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून तेवढ्या अंतराने दुसरी फेरी करावी. ही दुसरी फेरी टाळली गेली म्हणूनच आमच्याकडे एकदा सबंध पावसाळा उवांत गेला.

जंताच्या गोळीचा दिवस एकच असला तरी मात्रा वेगळी असते. राष्ट्रीय जंतनाशक दिन वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असतो, आणि अंगणवाडी व शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. दोन वर्षांपुढील मुलांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी असते, तर एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी, तीही कुटून पाण्यात कालवून. त्या दिवशी एखादे मूल आजारी असेल तर त्याला देऊ नये. ज्या मुलाची राहील त्याला ती नंतर, आरोग्यसेविकेला विचारून द्यावी.

एक कुकर, तीन ताटे

तीन मुलांसाठी तीन स्वयंपाक करणारी आई मी स्वतः होते, म्हणून सांगते की त्याने मुले नीट जेवत नाहीत, केवळ भांडी वाढतात. कुकरमध्ये वरण आणि भात नेहमीसारखा लावावा. वरणाला तिखट-मसाल्याची फोडणी देण्याआधी त्यातून दोन वाट्या बाजूला काढाव्यात. एका वाटीतले वरण भातात मऊ कुस्करून, वर साजूक तूप घालून धाकटीला द्यावे. दुसऱ्या वाटीला जिरे-हिंगाची फोडणी देऊन ती मधल्याला द्यावी. उरलेल्या वरणात लसूण आणि मिरची घालून ते थोरलीसह मोठ्यांनी घ्यावे. भाजीचेही असेच करता येते : दुधी किंवा लाल भोपळा आधी वाफवावा, धाकट्याचा वाटा काढावा, मग मसाला घालावा. घरात वर्षाच्या आतले मूल असेल, तर त्याच्या वाट्यात मीठ आणि साखर घालू नये, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात चाटवू नये, घरातील ज्येष्ठ मंडळींनी कितीही आग्रह केला तरी. हा विषय सासूबाईंशी मुलांसमोर बोलण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांकडे त्यांना सोबत नेऊन तिथे विचारावा. आमच्याकडे तरी त्याने काम झाले.

मोठ्याचा खाऊ धाकट्याच्या घशात अडकणे हा अनेक मुले असलेल्या घरातला खास धोका आहे. थोरली फुटाणे खाते, दोन दाणे जमिनीवर सांडतात आणि रांगणारे मूल ते उचलून तोंडात घालते. चार-पाच वर्षांच्या आतील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या देऊ नयेत. दाण्यांचे कूट करून लाडू द्यावेत आणि द्राक्षे उभी चिरून द्यावीत. असा खाऊ थोरल्याने ओट्याशी उभे राहून किंवा टेबलाजवळ बसूनच खायचा, खोलीत हिंडत नाही, हा नियम आम्ही केला आहे. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांची खेळणी मोठ्या मुलासाठीही आणू नयेत. ती बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका काही तासांत भाजते, म्हणून तशी शंका जरी आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे.

औषधे : इथे सरमिसळ चालत नाही

गेल्या पावसाळ्यात थोरली आणि धाकटी यांना एकाच रात्री ताप चढला. पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या कपाटात शेजारी होत्या, दोन्ही सारख्याच गुलाबी. दिवे गेलेले होते आणि मोबाइलच्या उजेडात मी धाकटीसाठी सहा मिलिलिटर भरले. पाजण्यापूर्वी सवयीने बाटलीवरचे लेबल वाचले, तेव्हा कळले की ती थोरलीची बाटली होती.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. पॅरासिटामॉलचे एक सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असे येते आणि दुसरे ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असे. डॉक्टर मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरवतात, आणि ती एका वेळी साधारणपणे दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम असते. माझी धाकटी दहा किलोची, म्हणजे तिला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. सौम्य सिरपचे सहा मिलिलिटर दिले तर १४४ मिलिग्रॅम होतात. तेच सहा मिलिलिटर तीव्र सिरपचे दिले तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या जास्तीत जास्त मात्रेच्या बरोबर दुप्पट.

त्या रात्रीनंतर केलेले बदल असे. तीव्र सिरपच्या झाकणावर आणि लेबलावर लाल नेलपॉलिशचा मोठा ठिपका दिला आणि दोन बाटल्या दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवल्या. दर तीन महिन्यांनी तिघांचे वजन करून ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहू लागले, आणि त्यापुढे डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा मिलिलिटरमध्ये व बाटलीच्या तीव्रतेसह लिहून घेतली. औषध चमच्याने न देता मापाच्या पिचकारीने किंवा बाटलीसोबतच्या टोपणाने द्यावे, कारण घरातल्या चमच्यांची मापे निरनिराळी असतात. दिल्याची वेळ त्याच कागदावर लगेच टिपावी. नाहीतर आईने आठला दिलेले औषध बाबा साडेनऊला पुन्हा देतात, आणि दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर तर हवेच. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर घरी औषध देत न बसता थेट डॉक्टरांकडे न्यावे.

जुलाब घरात एकाला सुरू झाले की बहुधा तिघांना होतात. ओआरएसचे मोठे पाकीट नेहमी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नये, क्षारांचे प्रमाण बिघडते. कालवलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांच्या आतील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढील मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, घोटघोट पाजावे. तांब्या एक चालेल, पेले मात्र तीन असावेत, आणि कोणी किती प्यायले ते दिसावे म्हणून पेल्यांवर चिकटपट्टीने खूण करावी. डॉक्टरांनी सांगितलेली झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करावी. मूल मलूल पडले, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरगुती उपाय थांबवून रुग्णालय गाठावे.

लसीकरणाची कार्डे एकाच पिशवीत ठेवू नयेत, तीन स्वतंत्र फोल्डर करावेत. तारखा मात्र एकत्र, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहाव्यात. धाकट्याचा १६ ते २४ महिन्यांचा डोस आणि मोठ्याचा ५ ते ६ वर्षांचा बूस्टर यांपैकी चुकतो तो बहुतेक वेळा दुसरा, कारण शाळेत जाणाऱ्या मुलाच्या लसी संपल्या असे आपण गृहीत धरतो.

ज्याचा वार, त्याची सुरुवात

लिफ्टचे बटण कोणी दाबायचे, खिडकीशी कोणी बसायचे, गोष्ट कोणाच्या पसंतीची, या भांडणांचा निवाडा रोज नव्याने करू नये. आम्ही वार वाटून दिले. सोमवार आणि गुरुवार थोरलीचे, मंगळवार आणि शुक्रवार मधल्याचे, बुधवार आणि शनिवार धाकटीचे, रविवार आई-बाबांचा. ज्याचा वार असेल त्याला पहिली निवड मिळते, आणि त्या दिवशी पाणी वाढण्याचे कामही त्याचेच. धाकटीला अजून काही कळत नाही, पण तिच्या वारी बटण दाबायला तिला उचलून घेण्याचा मान कोणाला, यावर नवे भांडण उभे राहिले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

“तू मोठी आहेस ना, दे तिला” हे वाक्य आम्ही बंद केले. त्याऐवजी प्रत्येकाला एक डबा दिला, ज्यातली वस्तू मालकाच्या परवानगीशिवाय कोणीही घ्यायची नाही, आईनेसुद्धा नाही. बाकीची सगळी खेळणी सामाईक. थोरलीचा डबा कपाटावर असतो, कारण त्यात मणी आहेत.

बाहेर पडताना

दुचाकीवर तीन मुले बसवून जाणारे पालक रोज दिसतात. कायद्याने दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट सक्तीचे आहे, आणि त्याहून लहान मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून चालकाला जोडणारा सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. म्हणून दोन मुलांना न्यायचे असेल, तर रिक्षा किंवा बस यांचाच हिशेब धरावा. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट असते. रेल्वेच्या आरक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे पडते.

जत्रेला किंवा गर्दीच्या स्थानकावर जाण्यापूर्वी तिघांचे एकत्र छायाचित्र त्याच दिवशीच्या कपड्यांत काढावे. मूल हरवल्यावर त्याच्या सदऱ्याचा रंग आईला आठवत नाही, हे अनेकांनी अनुभवले असेल. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने फोन नंबर लिहावा. आपण चुकलो तर आहे तिथेच थांबायचे, हे चार वर्षांच्या मुलाला घरी दोन-तीनदा खेळातून शिकवावे. मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक थोरलीला पाठ आहेत.

एकेकट्याचा वेळ

सर्वांत अवघड ठरते ते प्रत्येक मुलाला एकटे भेटणे. त्यासाठी वेगळा वेळ काढू पाहिला तर तो निघत नाही. एखाद्या नेहमीच्या कामालाच तो जोडावा लागतो. मधल्याला मी कणीक मळताना शेजारी बसवते. धाकटीला पाजून झोपवताना ती माझी असतेच. थोरली संध्याकाळी माझ्याबरोबर दूध आणायला येते. जाऊन-येऊन बारा मिनिटे लागतात. जाताना ती शाळेतले काहीबाही सांगते. मनातले जे काही असेल, ते येताना, पिशवीचा एक बंद तिच्या हातात आणि दुसरा माझ्या हातात असताना, जिन्याच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचल्यावर बाहेर पडते, म्हणून त्या वेळी आम्ही लिफ्ट घेत नाही.