अनइन्स्टॉल होतच नव्हतं, शेवटी असं काढलं (विंडोज १०)

परभणीत आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथल्या कॉम्प्युटरवर एक फुकटचं पीडीएफ कन्व्हर्टर बसलं ते काही केल्या निघंना. कंट्रोल पॅनलमधून काढलं की "फाइल वापरात आहे" म्हणायचं, फोल्डर डिलीट केला तर रिस्टार्ट नंतर परत हजर. ऐन पीकविम्याच्या गर्दीत दोन दिवस गेले राव.

कारण सापडलं, त्याची सर्व्हिस (मागं आपोआप चालणारा प्रोग्राम) चालूच राहायची. आता क्रमानं करा. विंडोज आणि आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाका, त्याची सर्व्हिस स्टॉप करा आन् स्टार्टअप टाइप डिसेबल्ड, हे विसरलात तर रिस्टार्टला ती पुन्हा उठते. टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारं विंडोजचं टूल) उघडून त्यातलं त्याचं टास्कही डिलीट करा, परत आणून बसवणारं तेच होतं. मग रिस्टार्ट, मग अनइन्स्टॉल, माझं इथंच निघालं. उरलेले फोल्डर प्रोग्राम फाइल्स, प्रोग्रामडेटा (हा लपलेला असतो, हिडन आयटम्स चालू करा) आन् ॲपडेटामधून उडवा. कंट्रोल पॅनलच्या यादीत तरीही नाव दिसलं तर रेजएडिटमध्ये (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, उघडणारं टूल) एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल इथं जाऊन डिस्प्लेनेम बघून फक्त तीच की (डावीकडं फोल्डरसारखी दिसणारी नोंद) काढा, पण आधी एक्सपोर्ट करून बॅकअप घ्याच. ३२ बिटवालं असेल तर सॉफ्टवेअरच्या खाली वॉव६४३२नोडमध्ये सापडतं.