कॅन्सरचं ऑपरेशन अन् पेशंटचं वजन: या चुका टाळा

संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल असो की बार्शीचं, ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ पेशंटला तपासतात तेव्हा वजन विचारलं की घरचे अंदाजे ठोकून देतात, "असंल साठ". तो आकडा आजाराच्या आधीचा असतो हो! भुलीच्या औषधांचा हिशोब वजनावर चालतो, म्हणून काट्यावर उभं करूनच सांगा आणि सहा महिन्याखाली किती होतं तेपण सांगा. साठचा माणूस सहा महिन्यात चोपन्नच्याही खाली आला तर ती धोक्याची खूण, अशा वेळी कधीकधी डॉक्टर ऑपरेशन एक-दोन आठवडे पुढं ढकलून आधी खाण्यापिण्यावर भर देतात, त्यात घाबरायचं काय नाही. पोटात पाणी झालेलं, पाय सुजलेले असले तर काटा जास्तच दाखवतो, तेही बोला.

दुसरी चूक, जाड माणूस बघून म्हणायचं "अंगात ताकद आहे, सोसंल". उलटं आहे. उताणं झोपवलं की पोटाचा भार फुफ्फुसावर येतो, भूल चढली की ऑक्सिजन पटापट उतरतो, मान जाड असली तर श्वासाची नळी टाकायला कठीण जातं. अन् जाडाला डबल भूल लागते हेपण खरं नाही, काही औषधं चरबी सोडून मोजतात, काही पूर्ण वजनावर. घोरणं, झोपेत श्वास अडकणं हे सांगायला बायका लाजतात, पण ऑपरेशननंतरच्या दुखण्याच्या तेज औषधांनी नेमका तिथंच घोळ होतो. आणि कॅन्सर कळल्यावर वजन उतरवायला उपास सुरू करायचे, हे तर अजिबात नको, चरबीबरोबर स्नायूपण झडतात.

आपल्याकडं गुटख्यामुळं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट लई, वाळलेले अन् तोंडात दोन बोटंपण जात नाहीत असे. हे आधी कळलं तर नाकातून दुर्बिणीनं श्वासाची नळी टाकायची तयारी ठेवता येते.

ऑपरेशनच्या आधी "उपाशी ठेवा" म्हणलं की घरचे आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा बंद करतात. बहुतेकांना हलकं जेवण सहा तास आधी अन् साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, दुधाचा चहा मात्र जेवणातच धरतात. तुमच्या पेशंटची वेळ डॉक्टरलाच विचारा.

नंतर काय चुकतं? फुफ्फुसाच्या व्यायामाला देतात ते तीन बॉलचं मशीन बहुतेकजण फुंकायलेत, ते फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. नारळपाणी अन् ग्लुकोज बिस्किटांवर जखम भरत नाही, तोंडानं खायची परवानगी मिळाली की अंडी, दही, वरण, शेंगदाण्याची चटणी असं द्या, दर किलो वजनामागं दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं (किडनीचा त्रास असेल तर विचारून). "झोपू द्या त्याला" म्हणून पलंगावर ठेवू नका, डॉक्टर म्हणले की उठवून चालवा, कारण कॅन्सर अन् जाडपणा दोन्हीमुळं पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटाच्या ऑपरेशननंतर घरीसुद्धा काही आठवडे चालू असू शकतं, महाग आहे म्हणून मधीच सोडू नका. एकाच पायाची पोटरी सुजली किंवा एकदम दम लागला तर सकाळची वाट न बघता गाडी काढा.