हापूसची पेटी आणि हॅशटॅग: पेज सांभाळायला शिकणाऱ्यांसाठी

छोट्या व्यावसायिकांची इन्स्टाग्राम पेजं सांभाळणं हे माझं काम. त्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते देवगडच्या एका बागायतदार कुटुंबाच्या पेजनं. बाग त्यांची, आंबे गवतात पिकवायची अढी त्यांची आणि पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरी, मध्ये दलाल नाही. या कामात नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "ताई, हॅशटॅग कोणते टाकू?" मी त्यांना आधी विचारते, गिऱ्हाईक कोण आहे आणि शोधताना ते काय टाइप करेल?

पाडव्याच्या सुमारास पुण्यातलं एखादं घर आंब्याची चौकशी सुरू करतं, तेव्हा त्यांना नुसता आंबा नको असतो. देवगडचा की रत्नागिरीचा, घरपोच मिळेल का, पावडर मारून पिकवलेला तर नाही ना, हे सगळं त्यांना कळायला हवं असतं. म्हणून आमचे टॅग #देवगडहापूस, #पुणेघरपोचआंबा, #अढीतलाआंबा असे असतात. नुसत्या #आंबा खाली रेसिप्या, रांगोळ्या, लहान मुलांचे फोटो असं काय वाट्टेल ते येऊन पडतं. तिथे आपली पेटी कुणाला दिसणार? कुठलाही टॅग वापरण्याआधी तो स्वतः शोधून त्याखालच्या ताज्या पोस्ट बघा. तिथे विकत घेणारी माणसं दिसली नाहीत, तर तो टॅग सोडून द्या.

टाइप करतानाही नीट बघा. '#देवगड हापूस' असं मध्ये जागा सोडून लिहिलं, तर टॅग फक्त देवगडचा होतो. जोडरेघेनेही तो तिथेच तुटतो. बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत शोधतात, त्यामुळे एक टॅग देवनागरीत असेल तर एक रोमनमध्येही ठेवावा. आणि खातं प्रायव्हेट असेल, तर अनोळखी माणसाला टॅगमधून तुमची पोस्ट सापडणारच नाही.

ट्विटरवर विषयवार गप्पा एकत्र दिसाव्यात म्हणून ख्रिस मेसिना यांनी 2007 साली # ची कल्पना मांडली. आजही त्याचं खरं काम वर्गवारीचंच आहे. हॅशटॅगमुळे रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचते ते, फारशी वाढत नाही, असं इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही अनेकदा सांगितलंय आणि डिसेंबर 2024 मध्ये तर हॅशटॅग फॉलो करायची सोयच बंद झाली. त्यामुळे मी तीन ते पाच टॅगवर थांबते आणि उरलेली मेहनत कॅप्शनच्या पहिल्या ओळीवर घेते: "देवगड हापूस, 5 डझनाची पेटी, पुण्यात घरपोच. गवताच्या अढीत घातलेला." पुढे दर आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर. दरासाठी 'इनबॉक्स करा' लिहिलेलं मला अजिबात पटत नाही. गिऱ्हाईक तिथूनच परत जातं.

एका बाबतीत मी हटून बसते. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. बाहेरून आलेल्या आंब्याला #देवगडहापूस लावणं म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक आणि मोहोर जपण्यासाठी रात्री जागवणाऱ्या बागायतदाराच्या पोटावर पाय. व्यावसायिकानं आग्रह धरला तरी असा टॅग लावू नका. ते काम सोडावं लागलं तरी चालेल.

बागेच्या नावाचा स्वतःचा एक टॅगही ठेवा आणि त्याची चिठ्ठी पेटीत घाला. लोक आंबा कापल्यावर फोटो टाकतात. त्यांना विचारून ते फोटो पेजवर घ्या, कारण आपण केलेल्या कौतुकापेक्षा त्यांच्या ताटातली फोड जास्त बोलते.

टॅगचा उपयोग होतोय का, हे लाइक्सवरून ठरवू नका. प्रत्येक ऑर्डरच्या वेळी "आमच्याबद्दल कुठून कळलं?" असं विचारा आणि उत्तर ऑर्डरच्या वहीत नावासमोर लिहा. ज्या टॅगचं नाव महिनाभर वहीत येत नाही, तो काढून टाका. पाऊस लागला की पेटीचे टॅग थांबवून आमरस, आंबापोळी, मुरांबा यांचे सुरू करा. तेव्हा लोक तेच शोधत असतात.